फ्रीजची नाडी पाहू या

घरातल्या फ्रीजचे दार उघडा आणि आतली गोल चकती पाहा. तिच्यावर १ ते ५ किंवा १ ते ७ असे आकडे असतात. हे आकडे कसले? बरेच जण चटकन सांगतील, ''चकती ४ वर आहे, म्हणजे आत ४ अंश.'' पण तसे मुळीच नाही. या आकड्यांचा सेल्सिअस अंशांशी काही संबंध नाही. बहुतेक फ्रीजमध्ये आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त. म्हणजे चकती ४ वरून ७ वर नेली तर आतले तापमान चढत नाही, उतरते!

मग आत खरोखर किती तापमान आहे, हे कसे कळावे? दार उघडून तापमापक ठेवावा, तर वाचण्यासाठी पुन्हा दार उघडावे लागते आणि उघडताच बाहेरची गरम हवा आत शिरते. आपण मोजायला जातो तेच मोजण्यामुळे बदलते. यावर उपाय एकच. मोजणारा भाग आत ठेवायचा आणि वाचणारा भाग बाहेर. या दोहोंना जोडायला दोन बारीक तारा पुरतात. असा संवेदक तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरी सहज करू शकाल.

दोन अंशांना इतके महत्त्व का?

फ्रीज अन्नातले जंतू मारत नाही, त्यांची वाढ फक्त मंदावतो. साधारण ५ अंश सेल्सिअस ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्न नासवणारे व रोग करणारे बहुतेक जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले अन्न, दूध, मांस ५ अंशांच्या खाली ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

औषधांची गोष्ट याहून नाजूक आहे. मधुमेहाच्या रोग्यांना लागणारे इन्शुलिन न उघडलेल्या कुपीत २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवायचे असते. ते फार तापले तर हळूहळू निकामी होते, आणि एकदा गोठले तर नंतर वितळले तरी वापरता येत नाही. बिघडलेले इन्शुलिन डोळ्यांना दर वेळी वेगळे दिसेलच असे नाही. कुपीतले द्रव स्वच्छ दिसते, रोगी नेहमीची मात्रा घेतो, पण रक्तातली साखर मात्र उतरत नाही.

लसींनाही हाच नियम लागू आहे. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उष्णतेला फार लवकर बळी पडते, तर धनुर्वात किंवा ब प्रकारच्या काविळीची लस गोठली की बिघडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तर लसींच्या शीतपेटीवर तापमानाचा तक्ता टांगलेला दिसेल. त्यात दिवसातून दोनदा नोंद करायची असते. भारतात २०१५ पासून सुरू झालेल्या 'ईविन' या योजनेत अशा शीतपेट्यांत इलेक्ट्रॉनिक संवेदक बसवले गेले. आपण जे करणार आहोत त्याचे तत्त्व त्यांच्यापेक्षा फार वेगळे नाही.

उष्णतेने रोध कमी होतो तेव्हा

तांब्याची तार तापवली की तिचा रोध वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. धातूत मुक्त इलेक्ट्रॉन मुबलक असतात. तापमान वाढले की अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे येतात आणि रोध वाढतो.

परंतु १८३३ साली मायकेल फॅराडे यांना एक विलक्षण पदार्थ आढळला. सिल्व्हर सल्फाइड तापवले की त्याचा रोध वाढण्याऐवजी कमी होत होता. त्या काळी याचे कारण सांगता येण्याजोगे नव्हते. आज आपण अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतो. त्यांच्यात मोकळे विद्युत्भार थोडे असतात. उष्णता मिळाली की आणखी भार मोकळे होतात व वाहू लागतात. थरथर वाढल्याने अडथळा वाढतो हे खरे, पण वाहणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी जास्त वाढते.

या गुणावरच 'थर्मिस्टर' हा घटक बेतलेला आहे. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची पूड दाबून व भाजून हा लहानसा मणी तयार करतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात '१० किलोओहम, एनटीसी' असे सांगितले की तो काही रुपयांत मिळतो. १० किलोओहम हा त्याचा २५ अंश सेल्सिअसला असणारा रोध. एनटीसी म्हणजे तापमान वाढले की रोध घटणारा. त्याच्या गुणाचा आणखी एक आकडा असतो. त्याला 'बीटा' म्हणतात. ३९५० बीटा असलेल्या थर्मिस्टरचा रोध सूत्राने काढला तर असा येतो :

० अंश – सुमारे ३३.६ किलोओहम
२ अंश – सुमारे ३०.३ किलोओहम
४ अंश – सुमारे २७.३ किलोओहम
८ अंश – सुमारे २२.३ किलोओहम
१० अंश – सुमारे २०.२ किलोओहम
२० अंश – सुमारे १२.५ किलोओहम
२५ अंश – १०.० किलोओहम
३० अंश – सुमारे ८.० किलोओहम

या आकड्यांकडे नीट पाहा. फ्रीजच्या तापमानाच्या आसपास तापमान १ अंशाने वाढले की रोध जवळजवळ ५ टक्क्यांनी घटतो. हा बदल खूप मोठा आहे. तुलनेसाठी प्रयोगशाळेतला १०० ओहमचा प्लॅटिनम तापमापक घ्या. त्याचा रोध १ अंशाला ०.४ ओहमपेक्षाही कमी बदलतो. त्याला लांब तार जोडली तर तारेचा स्वतःचा रोधच एखाद्या अंशाची चूक करून बसतो. आपल्या थर्मिस्टरच्या २५ हजार ओहमपुढे दोन मीटर तारेचा ओहमच्या आतबाहेरचा रोध कोणत्या खिजगणतीत? म्हणूनच घरगुती कामाला थर्मिस्टर सोयीचा.

साहित्य आणि संवेदकाची बांधणी

१० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर, दोन मीटर बारीक जोडतार, बॉलपेनची रिकामी धुतलेली नळी, जलरोधक चिकट गोंद, डिजिटल मल्टिमीटर, प्रयोगशाळेतला तापमापक आणि बर्फ.

थर्मिस्टरच्या दोन पायांना तारेची दोन टोके सोल्डर करा. उघडे पाय एकमेकांना लागू नयेत म्हणून एका पायावर नळीचा बारीक तुकडा चढवा. मग सारा जोड नळीत सरकवून मण्याचे टोक तेवढे बाहेर राहील असे करा आणि नळीची दोन्ही तोंडे गोंदाने बंद करा. मण्यावरही गोंदाचा पातळ थर द्या. एक पूर्ण दिवस वाळू द्या.

हा जलरोध का हवा? फ्रीजमध्ये थंड वस्तूवर दव जमते. दोन पायांमध्ये पाण्याचा थेंब बसला की विद्युत्धारेला समांतर वाट मिळते. समांतर जोडणीत एकूण रोध कमी होतो, हे तुम्हांला माहीत आहे. रोध कमी म्हणजे मल्टिमीटरच्या दृष्टीने तापमान जास्त! अशा रीतीने ओला संवेदक फ्रीज आहे त्यापेक्षा गरम असल्याचे खोटेच सांगत राहतो.

अंशांकन

वरचा तक्ता सूत्रावरून काढलेला आहे. तुमच्या हातातला मणी तंतोतंत तसाच असेल असे नाही. स्वस्त थर्मिस्टरच्या रोधात ५ टक्के फरक चालवून घेतलेला असतो. १ अंशाला ५ टक्के हे आपण आत्ताच पाहिले, तेव्हा या फरकाचा अर्थ सरळ आहे. न तपासता तक्ता वापरला तर १ अंशाची चूक होऊ शकते. म्हणून आपल्या संवेदकाच्या खुणा आपणच पक्क्या करायच्या. यालाच अंशांकन म्हणतात.

बर्फ बारीक कुटून पेल्यात भरा आणि फटी भरतील इतकेच स्वच्छ पाणी घाला. संवेदक मधोमध धरा. तो तळाला टेकू देऊ नका. हळूहळू ढवळत पाच मिनिटे थांबा. मल्टिमीटर २०० किलोओहमच्या पट्ट्यावर ठेवून आकडा स्थिर झाला की लिहून घ्या. ही तुमची ० अंशाची खूण. पाण्यात बर्फ शिल्लक आहे तोपर्यंत ती ढळत नाही. त्यानंतर थोडे थोडे कोमट पाणी मिसळत ५, १०, १५, २०, २५ व ३० अंशांच्या आसपासची वाचने घ्या. दर वेळी तापमापकाचा फुगा आणि संवेदक शेजारी शेजारी ठेवा व पाणी ढवळून घ्या.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर रोध. रेषा सरळ येणार नाही. डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरत सपाट होत जाणारी वक्ररेषा मिळेल. बिंदू जोडताना पट्टी वापरू नका, हाताने सफाईदार वक्र काढा. हा आलेख हीच तुमच्या तापमापकाची पट्टी. पुढे मल्टिमीटरवर २६ किलोओहम दिसले की उभ्या अक्षावरून आडवे जाऊन वक्राला भिडा आणि तिथून खाली उतरून तापमान वाचा.

फ्रीजमध्ये ठेवताना

तारा दाराच्या रबरी पट्टीखालून बाहेर काढा. बारीक, शक्यतो चपटी तार घ्या, म्हणजे फट राहणार नाही. फ्रीजला भोक पाडू नका. त्याच्या भिंतीत वायूच्या नळ्या असतात. मागच्या बाजूची विजेची जोडणीही उघडू नका. आपल्या साऱ्या प्रयोगात मुख्य विजेला हात लावण्याची गरजच नाही.

आधी संवेदक मधल्या कप्प्यात हवेत लोंबता ठेवा आणि दर दोन मिनिटांनी एक तास वाचने घ्या. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसेल. तापमान हळूहळू चढते, मग कंप्रेसर 'घूं' करून सुरू होतो आणि ते उतरू लागते. काही वेळाने कंप्रेसर थांबतो, पुन्हा चढण सुरू. कंप्रेसरच्या सुरू व बंद होण्याच्या वेळाही आलेखावर नोंदवा. फ्रीज एका तापमानावर स्थिर नसतो. तो दोन तापमानांच्या मध्ये झोके घेत असतो, हे तुम्हांला डोळ्यांनी दिसेल.

आता १०० मिलिलिटरच्या लहान बाटलीत पाणी भरा, संवेदक त्यात बुडवून झाकण बंद करा आणि बाटली त्याच जागी ठेवा. चार तासांनी पुन्हा वाचने घ्या. दाते जवळजवळ नाहीसे झालेले दिसतील. हवेची ऊष्माधारकता अगदी थोडी, म्हणून ती लगेच तापते व लगेच थंड होते. पाण्याची फार मोठी, म्हणून ते सावकाश बदलते. दार मिनिटभर उघडले तर हवेतला संवेदक चटकन वर धावतो, बाटलीतला मात्र जेमतेम हलतो. आपल्याला काळजी असते ती दुधाची, डाळीची, औषधाच्या कुपीची, हवेची नव्हे. म्हणून फ्रीज कसा चालला आहे हे बाटलीला विचारावे. लसींच्या शीतपेट्यांतही याच कारणाने संवेदक द्रवाच्या बाटलीत ठेवण्याची पद्धत आहे.

ही बाटली वेगवेगळ्या जागी ठेवून पाहा : बर्फाच्या खणाच्या अगदी खाली, मधल्या कप्प्यात, भाजीच्या खणात, दाराच्या कप्प्यात. एकदारी साध्या फ्रीजमध्ये बर्फाच्या खणालगतची जागा सर्वांत थंड असते आणि दाराचा कप्पा बहुधा सर्वांत उबदार. या एका प्रयोगाने घरातली एक महत्त्वाची गोष्ट ठरवता येते. इन्शुलिनची कुपी बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवू नये, ती गोठू शकते. दारातही ठेवू नये, तिथले तापमान प्रत्येक उघडझापीला हलते. जिथे बाटलीने दिवसभर २ ते ८ अंशांच्या आतच तापमान दाखवले ती जागा तिच्यासाठी निवडावी.

मात्र एक लक्षात ठेवा. आपले उपकरण शिकण्यासाठी आहे. औषध बिघडले की नाही, याचा निवाडा त्यावरून करू नये. शंका आली तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे.

धोक्याचा दिवा

रात्रभर मल्टिमीटरकडे कोण पाहत बसणार? पाण्याच्या बाटलीतले तापमान ८ अंशांच्या वर गेले की आपोआप लाल दिवा लागेल अशी सोय करू. यासाठी लागतील : एलएम ३५८ ही आयसी, चार पेन्सिल सेल (६ व्होल्ट), २२ किलोओहमचा एक, १० किलोओहमचे दोन, ४७० ओहमचा एक व १ मेगओहमचा एक रोधक, १० किलोओहमचा प्रीसेट, लाल एलईडी आणि ब्रेडबोर्ड.

१. थर्मिस्टरचे एक टोक सेलच्या धन टोकाला जोडा. दुसरे टोक २२ किलोओहमच्या रोधकातून ऋण टोकाला न्या. या दोहोंचा जोड आयसीच्या पाय क्रमांक ३ ला द्या.

२. धन टोकापासून १० किलोओहम रोधक, मग प्रीसेटची दोन बाजूंची टोके, मग दुसरा १० किलोओहम रोधक अशी माळ करून ऋण टोकाला जोडा. प्रीसेटचा मधला पाय आयसीच्या पाय क्रमांक २ ला द्या.

३. पाय क्रमांक ८ धन टोकाला, पाय क्रमांक ४ ऋण टोकाला.

४. पाय क्रमांक १ वरून ४७० ओहमच्या रोधकातून एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय ऋण टोकाला.

५. १ मेगओहमचा रोधक पाय क्रमांक १ व ३ यांच्यामध्ये.

हे चालते कसे? तापमान वाढले की थर्मिस्टरचा रोध घटतो आणि पाय ३ चे विभव वाढते. पाय २ चे विभव आपण प्रीसेटने ठरवलेले असते. आयसी या दोहोंची सतत तुलना करते. पाय ३ वरचढ झाला की पाय १ वर दाब येतो व दिवा लागतो.

दिव्याची पातळी ठरवण्यासाठी बर्फाचे व साधे पाणी मिसळून तापमापकावर बरोबर ८ अंश आणा. संवेदक त्यात बुडवा, प्रीसेट फिरवून दिवा विझवा आणि मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवत तो लागेल तिथेच थांबा.

या मंडलात दोन खुबी आहेत. पहिली अशी की सेल उतरून ६ व्होल्टचे ५ व्होल्ट झाले तरी पातळी फारशी सरकत नाही. कारण दोन्ही बाजू एकाच सेलवर चालतात. दोन्ही विभवे सारख्याच प्रमाणात घटतात आणि तुलना तशीच राहते. व्हीटस्टनच्या सेतूत तुम्ही हेच पाहिले आहे. दुसरी खुबी १ मेगओहमच्या रोधकाची. तो नसेल तर तापमान बरोबर पातळीवर असताना दिवा लुकलुकत राहील. तो असल्यामुळे एकदा लागलेला दिवा तापमान अर्ध्या अंशापेक्षा थोडे जास्त उतरल्यावरच विझतो. फ्रीजच्या थर्मोस्टॅटमध्येही असेच अंतर मुद्दाम ठेवलेले असते. नाहीतर कंप्रेसर क्षणाक्षणाला सुरू-बंद होऊन लवकर निकामी होईल.

थर्मिस्टरमधून धारा वाहते म्हणजे तो स्वतःही थोडा तापणार, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर शाबास! हिशेब करा. ६ व्होल्ट, एकूण रोध सुमारे ४४ किलोओहम, म्हणून धारा ०.१४ मिलिअँपिअरच्या आसपास आणि थर्मिस्टरमधली शक्ती सुमारे ०.४ मिलिवॉट. लहान मणी हवेत १ अंशाने तापायला साधारण २ मिलिवॉट लागतात. म्हणजे चूक ०.२ अंश, आणि पाण्यात याहूनही कमी. आपल्या कामापुरती ती सोडून द्यायला हरकत नाही.

वीज गेली तर?

उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीज किती वेळ टिकाव धरतो? दार बंद ठेवले तर साधारण चार तास, असा ठोकताळा आहे. पण तुमच्या फ्रीजचे उत्तर तुमचा संवेदकच देईल. वीज गेल्यापासून दर दहा मिनिटांनी वाचन घ्या आणि ८ अंश व्हायला किती वेळ लागला ते पाहा.

हा वेळ वाढवता येतो. हिशेबासाठी असे धरू की बाहेरून आत २० वॉट या दराने उष्णता शिरते. १ लिटर पाण्याला १ अंश चढायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. फ्रीजमध्ये केवळ २ लिटर पाणी असेल तर ८४०० ज्यूल, म्हणजे ४२० सेकंदांत, सात मिनिटांत १ अंश चढेल. १० लिटर असेल तर तोच १ अंश चढायला ३५ मिनिटे लागतील. ४ अंशांवरून ८ अंशांवर जायला पहिल्या वेळी अर्धा तासही लागणार नाही, तर दुसऱ्या वेळी दोन तास वीस मिनिटे. प्रत्यक्षात इतर वस्तू व फ्रीजच्या भिंतीही थंडी धरून ठेवतात, म्हणून वेळ याहून जास्त मिळतो. पण मुद्दा स्पष्ट आहे. रिकाम्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवणे हा फुकटचा विमा आहे.

आणि ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी हाच संवेदक माठात सोडावा. एक माठ सावलीत वाऱ्यावर ठेवा, दुसरा बंद खोलीत. कोकणातल्या दमट दुपारी आणि विदर्भातल्या कोरड्या दुपारी घेतलेल्या वाचनांत केवढा फरक पडतो, हे दोन शाळांनी मिळून पाहण्यासारखे आहे.

करून पाहा, विचार करा

१. दाराच्या रबरी पट्टीत कागदाचा कपटा धरून दार बंद करा आणि कपटा ओढा. तो सहज सुटला तर पट्टी सैल आहे. अशा फ्रीजमध्ये करवतीचे दाते कसे बदलतील?

२. वाफाळती डाळ फ्रीजमध्ये ठेवल्यावर शेजारच्या बाटलीचे तापमान किती चढते? तीच डाळ तासभर बाहेर निववून ठेवली तर? दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.

३. संवेदकाची तार तुटली तर मल्टिमीटर काय दाखवील? धोक्याचा दिवा लागेल की नाही? यात धोका कोणता?

४. एलएम ३५८ मध्ये तुलना करणारे दोन भाग असतात. दुसऱ्या भागाचे पाय ५, ६ व ७ आहेत. पाय ५ हा पहिल्या भागातील पाय ३ सारखा, ६ हा २ सारखा आणि ७ हा १ सारखा. तापमान २ अंशांच्या खाली गेले की निळा दिवा लागावा यासाठी जोडणी कशी कराल?

५. चकतीच्या प्रत्येक आकड्यावर एकेक दिवस फ्रीज ठेवून बाटलीचे तापमान मोजा. वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा. कोणाच्या घरच्या '४' चा अर्थ किती अंश निघतो? आपल्या फ्रीजपुरता तक्ता करून दारावर चिकटवा, म्हणजे घरातल्या सर्वांना तो उपयोगी पडेल.